खेकड्याच्या रक्तात गोल पेशी दिसल्या, तर परजीवी कोणता हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: किनाऱ्यावरचा हिरवा खेकडा, म्हणजे कार्सिनस मीनस, हाती आला. त्याच्या पायातून काढलेलं रक्त आणि पचनग्रंथीचा एक तुकडा ४०० पट मोठा करून पाहिला. रक्तात गोल दाणेदार पेशी दिसल्या, ग्रंथीत चमकणारे बारीक गोळे. हा परजीवी कोणता?

एवढ्या वर्णनावरून मी नाव सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तरी लगेच मानू नका. तुम्ही पाहिलंय त्यातलं निम्मं खेकड्याचं स्वतःचंच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. परजीवी ओळखायला शिकण्याआधी निरोगी खेकडा आतून पाठ झाला पाहिजे, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवातीच्या काळात मी एका नर खेकड्याच्या आतला पांढरट तुकडा काचपट्टीवर दाबला आणि हजारो गोल कण पाहून परजीवीचे बीजाणू सापडले म्हणून वहीत नोंद केली. ते त्याचे शुक्राणू होते. खेकड्याच्या शुक्राणूला शेपूट नसते. मधे गोल गाभा, बाजूंनी बारीक काटे, आणि असे पुष्कळ शुक्राणू एकेका पिशवीत भरलेले. शेपूट नाही म्हणून शुक्राणू नाही, असं मनाने धरलं की माणूस फसतो. नराची वृषणं पचनग्रंथीला लागूनच पसरलेली असतात, त्यामुळे ग्रंथीचा तुकडा घेताना त्यांचा अंश सहज येतो. तुमचा खेकडा नर होता का, हे आधी बघा. पोटाखालची घडी अरुंद, त्रिकोणी असेल तर नर.

चमकणाऱ्या गोळ्यांबद्दल माझा पहिला संशय तेलाच्या थेंबांवर. पचनग्रंथी चरबी साठवते. वरची काच हलकेच दाबा: थेंब असतील तर लहानमोठे दिसतील आणि एकमेकांत मिसळतील. मायक्रोस्पोरिडिया, म्हणजे पेशींच्या आत राहणारे बुरशीच्या जवळचे सूक्ष्म परजीवी, यांचे बीजाणू तसे वागत नाहीत. ते साधारण १ ते ५ मायक्रॉनचे, अंडाकृती, आणि साच्यातून काढल्यासारखे जवळपास एकाच मापाचे असतात. या खेकड्यात ते शोधायची मुख्य जागा म्हणजे पायांचे स्नायू. निरोगी स्नायू काचेसारखा अर्धपारदर्शक असतो, लागण वाढली की तो शिजवलेल्या मांसासारखा पांढरा पडतो. त्यांच्यातला थेलोहानिया असेल तर आठ-आठ बीजाणू एका पिशवीत दिसतात, अमेसन या दुसऱ्या वंशाचे सुटे असतात. पचनग्रंथीतही एक मायक्रोस्पोरिडिया होतो, अबेलस्पोरा. तेव्हा ग्रंथीतले गोळे एकाच मापाचे असतील आणि दाबूनही मिसळत नसतील, तर माझा संशय बाजूला ठेवून पुढे तपासा. कॅल्कोफ्लोअर व्हाइट हा रंग लावून अतिनील प्रकाशात पाहिलं की बीजाणूंचं कायटिनचं कवच निळसर उजळतं. पण कायटिन खेकड्याच्या कवचातही असतं. कवचाचा कण काचेवर राहिला तर तोही तितकाच उजळेल, म्हणून आकार बघितल्याशिवाय खूण करू नका.

आता रक्त. तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे.

खेकडा आधी कापडात गुंडाळून अर्धा तास बर्फावर ठेवा. तो सुन्न होतो, त्याला त्रास कमी होतो आणि तुमचा हातही स्थिर राहतो. शेवटच्या पायाच्या बुडाशी मऊ पडदा असतो. तिथली जागा अल्कोहोलने पुसून बारीक सुईने रक्त ओढा. निरोगी रक्त स्वच्छ, किंचित निळसर असतं आणि बघता बघता गोठू लागतं. दुधासारखं गढूळ निघालं किंवा गोठतच नसेल, तर ती पहिली खूण. थेंब ताजा असतानाच काचेवर घ्या आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. ही पाच मिनिटं कुणी देत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती त्यातच असते. खेकड्याच्या स्वतःच्या रक्तपेशी काचेला चिकटतात, कडा पसरवतात, चापट होत जातात. हिमॅटोडिनियम हा खेकड्याच्या रक्तात राहणारा एकपेशी परजीवी; त्याच्या पेशी गोलच राहतात. सोबत लांबट, अळीसारखे, अनेक केंद्रकं असलेले आणि हळूच वळवळणारे तुकडे दिसले तर माझी खात्री बरीच वाढते.

मग त्याच थेंबात न्यूट्रल रेड या रंगाचं ०.३ टक्के द्रावण तेवढ्याच प्रमाणात मिसळा. हिमॅटोडिनियमच्या पेशी लाल रंग आत ओढून घेतात, खेकड्याच्या पेशी सहसा घेत नाहीत. दुसरा थेंब काचेवर पसरवून वाळवा, जीम्सा हा रंग लावा आणि ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब टाकून वापरायच्या लेन्सने, केंद्रक बघा. त्यातलं क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांचा गुंता, जाडसर, गुंडाळलेल्या दोऱ्यांसारखं दिसेल, कारण हा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी जीवांच्या गटातला आहे आणि त्याची गुणसूत्रं कायम घट्ट वळलेली असतात. शातों आणि प्वासों या जीवशास्त्रज्ञांनी १९३१ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर या वंशाचं वर्णन केलं, तेही याच हिरव्या खेकड्यात आणि एका पोहणाऱ्या खेकड्यात. तरीही प्रत्येक गोल पेशी त्याचीच समजू नका. याच खेकड्याच्या रक्तात हॅप्लोस्पोरिडियम हा दुसरा एकपेशी परजीवीही सापडला आहे, आणि साध्या मायक्रोस्कोपखाली दोघांत घोटाळा होऊ शकतो. तिथे पीसीआर, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी, लागतेच.

रक्तात काही भराभर पोहताना दिसलं, अंगभर केस असलेलं आणि निमुळतं, तर ते सिलिएट, म्हणजे केसांच्या हालचालीने पोहणारा एकपेशी जीव. तो रक्तपेशी खातो, त्यामुळे थेंबात खेकड्याच्या पेशी जवळपास उरत नाहीत. जिवंतपणी लगेच व्हिडिओ काढून ठेवा, मेल्यावर आकार बिघडतो. कल्ल्यांवर देठाने चिकटलेले घंटेसारखे सिलिएट दिसले तर ते बहुतेक वेळा नुसते भाडेकरू असतात. देठ आखडला तर झूथॅम्नियम, न आखडला तर एपिस्टायलिस.

पचनग्रंथीत मोठा, स्वच्छ भिंतीचा गोल आणि आत मुडपून बसलेला जीव दिसला, तर ती चपट्या कृमीची मेटासर्केरिया, म्हणजे कोषात बसलेली अळी, बहुधा मायक्रोफॅलस. दोन चूषक मोजा. हा कृमी गोगलगायीतून खेकड्यात आणि खेकड्यातून पक्ष्यात जातो. नारिंगी, डोळ्याला दिसणारा ठिपका असेल तर तो काटेरी सोंडेचा कृमी प्रोफिलिकॉलिस असू शकतो. गोड्या पाण्यात टाकला की सोंड बाहेर येते आणि आकड्यांच्या ओळी मोजता येतात.

सॅक्युलिना या परजीवी प्राण्याचा उल्लेख करायलाच हवा. पोटाखालची पिवळसर पिशवी डोळ्याला दिसते, पण तिच्याकडे पाहून हा प्राणी कोण हे कुणाला सांगता येणार नाही: पाय नाहीत, तोंड नाही, खंड नाहीत, आत सगळीकडे मुळ्या. १८३६ मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी पिशवीतून निघालेली अळी पाहिली आणि ती खडकाला चिकटणाऱ्या बार्नकलच्या अळीसारखी निघाली. पिकलेली पिशवी मिळाली तर स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवून अळ्या निघू द्या. त्या अळ्यांच्या कपाळाची दोन शिंगं स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासारखी आहेत.

पुढच्या खेकड्याला मात्र एक करा: एकाच खेकड्याचे तुकडे दोन बाटल्यांत वाटा. एक डेव्हिडसनच्या द्रावणात (ऊती टिकवणारं द्रावण) २४ तास आणि मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये, ऊतींचे काप काढण्यासाठी. दुसरा थेट ९५ टक्के किंवा जास्त तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर डीएनए तुटतो आणि प्रजातीचं नाव ठरवायची वाट बंद होते. तोपर्यंत वहीत "हिमॅटोडिनियमसारखं" एवढंच लिहा.

फोटो टाकाल तेव्हा सोबत मापपट्टी, कोणत्या अवयवातला तुकडा आणि खेकडा नर की मादी हे लिहा. ताज्या थेंबाचा एक मिनिटाचा व्हिडिओ जमला तर फार बरं. मी नक्की बघेन. आणि तपासलेला खेकडा किंवा त्याचं पाणी समुद्रात परत टाकू नका, त्यातले बीजाणू दुसऱ्या खेकड्यापर्यंत पोचू शकतात. उकळून मगच फेका.