आईला ट्रायलमध्ये घेऊ द्यायचं का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सातारा जिल्ह्यातून लिहितेय. आई ५८ वर्षांची, ब्रेस्ट कॅन्सर निघालाय पण लवकर सापडला असं म्हणाले. मुंबईला टाटाला दाखवलं, तिथे ऑपरेशनची तारीख देताना एका क्लिनिकल ट्रायलबद्दलही (म्हणजे पेशंटवर घेतलेली उपचाराची चाचणी) विचारलं. भाऊ म्हणतो सरकारी हॉस्पिटलात गरिबांवर प्रयोग करतात, सही करायची नाही. आणि एका कागदावर अणुऊर्जा विभाग असं छापलंय, ते कशाला? आई चौथी शिकलीय, ती म्हणते तुम्ही ठरवाल ते.

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. भावाची भीती मी उडवून लावणार नाही, कारण ती कुठून येते ते मला माहितीये. माझ्या मावशीच्या वेळी एका हॉस्पिटलात (ट्रायल नव्हती, साधं ऑपरेशनच होतं) संमतीचा इंग्लिश फॉर्म कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या पुढे केला, पेन हातात दिलं आणि इथे, इथे आणि इथे म्हणून तीन सह्या घेतल्या, कशावर ते कुणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मला फॉर्म म्हटलं की पोटात गोळा येतो.

आधी अणुऊर्जेचं सांगते, ते सोपं आहे. परळचं टाटा १९४१ मध्ये टाटांच्या ट्रस्टने सुरू केलं, १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. कॅन्सरला रेडिएशन लागतं, रेडिएशनची माणसं त्या खात्यात, असा हिशोब. भाभाट्रॉन नावाचं रेडिएशन देणारं कोबाल्टचं मशीनही ट्रॉम्बेच्या बीएआरसीनेच, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलं. म्हणजे टाटाचा कारभार, पगार, खारघरचं संशोधन केंद्र, या सगळ्यामागे ते सरकारी खातं आहे.

आता ट्रायल. भाऊ म्हणतो सरकारी म्हणून नको, आणि मला नेमकं उलटं वाटतं, ते का ते टाटाच्याच एका झालेल्या ट्रायलवरून सांगते, तुमच्या आईच्याच आजाराची आहे. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी, पेशंटला भूल दिलेली असताना, सर्जन गाठीच्या चहूबाजूंनी लिग्नोकेन टोचतात, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत देतात तेच औषध, आणि मग सात ते दहा मिनिटं थांबतात. नंतर ऑपरेशन नेहमीसारखं. एवढीच ती ट्रायल! टाटाचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने ती केली, २०११ पासून दहाएक वर्षं, देशातल्या ११ हॉस्पिटलांत, सुमारे १६०० बायकांवर. विचार असा होता की चाकू लागताना गाठ हलते आणि काही पेशी रक्तात सुटू शकतात, तर त्या आधीच बधिर करून बघू. पाच वर्षांनी पाहिलं तर इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. शंभरात साधारण चार बायका जास्त, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत.

आता सांगा, कुठली औषध कंपनी यावर पैसे लावेल? लिग्नोकेन जुनं, स्वस्त, त्यात कुणाला कमाई नाही. असे प्रश्न सरकारी पैशानेच सुटतात. तोंडाच्या कॅन्सरचंही तसंच झालं, सुरुवातीची गाठ असताना मानेतल्या ग्रंथी लगेच काढायच्या की वाढल्या तर काढायच्या यावर सर्जन लोकांत वर्षानुवर्षं वाद होता, टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या ट्रायलने २०१५ मध्ये दाखवलं की लगेच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के जगतात, थांबून काढल्या तर ६७.५ टक्के. तंबाखू-मिश्रीच्या आपल्या मुलखात हा केवढा मोठा फरक आहे!

पण सरकारी म्हणजे डोळे झाकून सही, असंही मी म्हणणार नाही. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी ट्रायल झाली, अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर संस्थेचे पैसे त्यात होते. दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग दिलं, त्या व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून तपासायच्या, आणि तपासलेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. काम खरंच मोठं. पण तुलनेसाठीच्या वस्त्यांतल्या बायकांना फक्त माहिती दिली, तपासणी नाही, आणि त्यावर जोरदार टीका झाली. मला विचाराल तर ती टीका रास्त होती. म्हणून तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारा: आई दुसऱ्या गटात, म्हणजे तुलनेसाठी नवा उपचार न देणाऱ्या गटात गेली तर तिला काय मिळेल? कॅन्सरच्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला सहसा आज चालू असलेली नेहमीची ट्रीटमेंट मिळते, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर कुणाला ठेवत नाहीत, पण तरी डॉक्टरांच्या तोंडून ऐका. कुठल्या गटात जाणार ते कम्प्युटर ठरवतो, ओळखपाळख चालत नाही.

बाकी हक्काचं थोडक्यात. नव्या औषधाची ट्रायल असेल तर परवानगी दिल्लीचं औषध नियंत्रक कार्यालय देतं, नोंद आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सीटीआरआय या ट्रायलांच्या रजिस्टरमध्ये असते आणि ती कुणालाही फुकट बघता येते, आणि हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे ट्रायल नीतीला धरून आहे ना ते बघणाऱ्या समितीत, कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूसही बसवावा लागतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाईही. मधेच कधीही बाहेर पडता येतं, त्यापायी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

प्रश्न: सही लगेच करावी लागते का?

उत्तर: नाही. मराठीतला फॉर्म मागा, प्रत घरी आणा. आईला मोठ्याने वाचून दाखवा, भावालाही बसवा, आणि जिथे ती "हे काय गं" म्हणून थांबवेल तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या खुणांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि हो की नाही ते आईला सांगू दे.