बांगलादेशात बौद्ध लोकांना त्रास होतो का?

कपड्यांच्या धंद्यापायी मी चार वर्षं ढाक्यात काढली, आणि आम्ही घरचे नागपूरचे बौद्ध. तरी तुमच्या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणणं मला जमत नाही. कारण आधी विचारावं लागतं, कुठले बौद्ध?

२०२२च्या जनगणनेत बौद्ध ०.६१ टक्के, म्हणजे साधारण दहा लाख. त्यात चितगावकडचे बरुआ बंगालीच बोलतात, मासे-भात खातात. आडनाव सांगेपर्यंत कुणाला कळतही नाही. मी जायचो तो कमलापूरकडचा धर्मराजिक विहार त्यांचा. पहिल्यांदा वंदनेला बसलो तर कानावर आलं, 'बुद्धोंग शोरोनोंग गोच्छामि'. हसू आवरलं, पण दुसऱ्या ओळीपासून मीही त्यांच्याच चालीवर. रमजानात याच विहाराच्या दारात संध्याकाळी गरीब मुसलमान बायका-माणसांची रांग लागायची आणि भन्ते, म्हणजे भिक्खू, इफ्तारची पाकिटं वाटायचे: छोले, मुरमुरे, भजी, जिलबी.

हे ऐकून 'बघा, किती छान' म्हणणारे भेटतात. त्यांना मी कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या रामू या गावचं सांगतो. २९ सप्टेंबर २०१२ची रात्र. एका बौद्ध तरुणाला फेसबुकवर कुराणाच्या विटंबनेचा फोटो कुणीतरी टॅग केला, एवढ्यावरून जमावानं डझनभर विहार आणि कितीतरी घरं पेटवली. वर्षभरात लष्करानं विहार नवे बांधून दिले, झकपक. पण जुनं लाकूडकाम आणि ताडपत्रावरच्या पोथ्या गेल्या त्या गेल्याच. खटले रखडले, साक्षीदार पुढे येईनात. आणि तरीही आपल्या कोजागिरीच्या रात्री, त्यांच्या प्रवारणा पौर्णिमेला, आकाशात फानुस म्हणजे कागदी दिवे सोडतात ते पाहायला सगळ्या धर्मांची पोरं गच्चीवर असतात. दोन्ही खरं आहे.

चाकमा, मारमा या पहाडी बौद्ध जमातींची गोष्ट निराळी. रांगामाटी, खागडाछडी, बांदरबन हे त्यांचे डोंगर. १९६०च्या दशकात कापताई धरणानं लाखभर माणसं उठवली, बहुतेक चाकमा. त्यातले हजारो आज आपल्या अरुणाचलात आहेत. पुढे सरकारनं सपाटीवरचे बंगाली तिथं आणून वसवले. १९९७ला सरकार आणि पहाडी बंडखोरांत शांतता करार झाला, जमिनीचं भांडण मात्र सुटलं नाही. माझ्या मते तिथलं दुखणं धर्माचं कमी, जमिनीचं जास्त, पण मार बसतो तेव्हा विहारालाही बसतो.

रांगामाटीचं कठिन चीवरदान, म्हणजे भिक्खूंना चीवर (त्यांचं वस्त्र) देण्याचा सण, मला एकदा पाहायला मिळालं. कापसापासून सूत कातायचं, रंगवायचं, विणायचं, शिवायचं, आणि चोवीस तासांत भन्तेंच्या हाती चीवर द्यायचं. रात्रभर मागांची खटखट. २०२४ला तिथं पुन्हा दंगे झाले आणि पहाडातल्या भिक्खूसंघांनी सुरक्षिततेची खात्री नाही म्हणून त्या वर्षी चीवरदान करणार नसल्याचं जाहीर केलं.