अमेरिकेत सरकारी शाळांना ग्रेड देतात, तसं पुण्यात होतं का?

होतं, पण पद्धत निराळी. फ्लोरिडात १९९९ पासून सरकारी शाळांना ए ते एफ ग्रेड मिळते. नुसते मार्क बघत नाहीत. मागच्या वर्षापेक्षा मूल किती पुढे गेलं तेही मोजतात, आणि सगळ्यात मागे पडलेल्या २५ टक्के मुलांची प्रगती वेगळी धरतात. हे मला फार पटतं.

आपल्याकडे शाळासिद्धी आली, म्हणजे शाळांची गुणवत्ता जोखायचा देशपातळीवरचा कार्यक्रम, ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं. यात आधी शाळाच स्वतःला जोखते, मग बाहेरचे येतात. माझी वहिनी हवेली तालुक्यात झेडपी शाळेवर आहे. जेवणं उरकली की लॅपटॉप उघडून पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, ग्रंथालय असं एकेक भरत बसायची. (सर्व्हर हँग झाला की पुन्हा पहिल्यापासून!) मुलाला वाचता येतं का, हा रकाना मात्र तिला फार उशिरा सापडला.