‘ओतप्रोत’ हा मागावरचा शब्द आहे

विट्याच्या एका वाचकाने विचारले आहे की, विणकाम भिंतीवरच्या चित्राच्या बरोबरीला नेणाऱ्या आनी आल्बर्स यांच्यावरील लेखात ‘त्यांचे काम कला आणि कारागिरी यांनी ओतप्रोत भरलेले आहे’ असे वाक्य लिहिले, तर ते शुद्ध ठरेल काय. आणि आल्बर्स यांना ‘विणकर’ म्हणावे की ‘कलावंत’?

वाक्य शुद्ध नाही. ‘ओतप्रोत’चा ‘ओतणे’ या क्रियापदाशी काडीचाही संबंध नाही. तरीही सांगलीत कोणत्याही सत्काराला जावे, तर ‘मायेने ओतप्रोत भरलेले हृदय’ कानी पडतेच, आणि बोलणाऱ्याच्या मनात काठोकाठ भरलेली घागर असते हे उघड दिसते. विणकराविषयी लिहिताना तरी हा अन्याय होऊ नये, कारण हा शब्द मुळात विणकराचाच आहे. संस्कृतातील ‘वे’ या धातूचा अर्थ विणणे; त्याचे ‘उत’ म्हणजे विणलेले; आ आणि उत मिळून ‘ओत’, प्र आणि उत मिळून ‘प्रोत’. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की, हे सर्व पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? येथे पाण्याचा उल्लेख पाहून कोणी ‘ओतणे’वाल्यांची बाजू घेईल, म्हणून पुढचे उत्तरही वाचावे: पाणी वायूत ओतप्रोत आहे. वायूत पाणी कोणी ओतत नाही. गार्गीचा प्रश्न एका अखंड वस्त्राविषयीचा आहे.

आता यातील ओत कोणते आणि प्रोत कोणते? शंकराचार्य भाष्यात ओत म्हणजे लांबीचा धागा आणि प्रोत म्हणजे आडवा धागा असे सांगतात, आणि लगेच ‘विपरीतं वा’, म्हणजे उलटही चालेल, अशी मोकळीक देतात. भाष्यकारांचा अधिकार मान्य करूनही ही मोकळीक मला मान्य नाही, आणि ती पुढे चालवणाऱ्या टीकाकारांनी माग पाहिलाच नसावा असे माझे स्पष्ट मत आहे. विट्यात धोट्याच्या मागापाशी थोडा वेळ उभे राहावे. ताणा, म्हणजे लांबीचे धागे, आधी ताणून बसवलेला असतो. बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन धोटा त्यातून पलीकडे जातो आणि फणी तो धागा ठोकून जागी बसवते. ‘प्र’ हा उपसर्ग पुढे जाण्याचा आहे, तेव्हा पुढे जाणारा धागा तोच प्रोत असला पाहिजे. गीतेच्या सातव्या अध्यायात ‘सूत्रे मणिगणा इव’, म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे, या उपमेसाठी नेमका ‘प्रोत’ हाच शब्द एकटा येतो, कारण ओवण्यातही आरपार जाणेच असते. म्हणून ओत म्हणजे ताणा आणि प्रोत म्हणजे बाणा. उलट चालणार नाही.

हे कळले की आल्बर्स यांच्या संदर्भात हा शब्द किती अचूक बसतो तेही कळते. बर्लिनमध्ये 1899 साली जन्मलेल्या या स्त्रीला बाउहाउस या कलाशाळेत मनाविरुद्ध विणकामाच्या विभागात जावे लागले. 1930 च्या पदविकेसाठी त्यांनी बेर्नाऊ येथील एका सभागृहाच्या भिंतींकरिता कापड विणले. त्याच्या एका अंगाचे सेलोफेन प्रकाश परतवत होते आणि दुसऱ्या अंगाचे शेनील, म्हणजे मऊ लवदार सूत, आवाज शोषून घेत होते. त्या कापडाचे देखणेपण त्याच्या उपयोगापासून वेगळे काढायचे, तर वीणच उसवावी लागेल. ओतप्रोत म्हणतात ते याला. भरणे येथे कोठेच नाही, कारण ताण्यात बाणा ‘भरला’ असे म्हटले, तरी ताणा काही भांडे होत नाही.

तेव्हा वाक्य असे करावे: ‘आनी आल्बर्स यांच्या कामात कला आणि कारागिरी ओतप्रोत आहेत.’ ‘भरलेले’ काढावे आणि ‘यांनी’ही काढावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘विणकर’ असे आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1949 मध्ये त्यांचे एकल प्रदर्शन भरवले, तरीही 1965 च्या आपल्या विणकामावरील ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्यांनी गुरू म्हणून नाव घेतले ते प्राचीन पेरूच्या विणकरांचे.