मित्रदेशात आपले लष्करी प्रशिक्षण पथक कशासाठी?

प्रश्न : देवळालीच्या तोफखाना विद्यालयात मित्रदेशांचे अधिकारी शिकायला येतात, हे आम्हा नाशिककरांना ठाऊक आहे. मग भूतानमध्ये आपले प्रशिक्षण पथक कायमचे ठेवण्यामागे सरकारचा हेतू काय असावा?
— एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक

उत्तर : देवळालीत येणारा अधिकारी आपला अभ्यासक्रम पूर्ण करून मायदेशी परततो, भूतानमधील ‘इम्ट्रॅट’ या भारतीय लष्करी प्रशिक्षण पथकाकडे मात्र तेथील सैन्य आणि राजाचे अंगरक्षक दल या दोहोंच्या प्रशिक्षणाची जबाबदारी आहे, आणि असे काम दुरून होत नाही. चीनने तिबेट ताब्यात घेतल्यानंतर हिमालयातील चित्र पालटले, आणि १९६२ मध्ये हे पथक पश्चिम भूतानमधील ‘हा’ येथे स्थापन झाले.

ठिकाणाची ही निवडच बरेच काही सांगून जाते. ‘हा’च्या पश्चिमेला चीनच्या ताब्यातील चुंबी खोरे आहे आणि त्याच्या दक्षिणेला, ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारी, सर्वांत अरुंद जागी जेमतेम २२ किलोमीटर रुंद असलेली सिलिगुडीची पट्टी. २०१७ मध्ये भूतान आणि चीन दोघेही हक्क सांगत असलेल्या डोकलाम पठारावर चीनने रस्ता बांधायला घेतला तेव्हा भारतीय जवान आडवे उभे राहिले ते याच पट्टीच्या काळजीने. तेव्हा शेजाऱ्याला सक्षम करणे हा घोषित हेतू आणि स्वतःची सीमा राखणे हा त्याला जोडलेला हेतू, असे म्हणता येईल. त्यात लपवण्यासारखे काही आहे, असे मला वाटत नाही.

अशा पथकाचे यश किती जणांना शिकवले यावरून नव्हे, तर शिकलेले सैन्य स्वतःच्या बळावर काय करू शकते यावरून जोखावे. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने भारताविरुद्ध लढणाऱ्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे दक्षिण भूतानमधील तळ स्वतः मोडून काढले. याउलट अफगाणिस्तानात नाटोने वर्षानुवर्षे प्रशिक्षण दिले, पण विमानांची देखभालसुद्धा परदेशी कंत्राटदारांवर सोपवली. ते निघून गेल्यावर विमाने जमिनीवर अडकू लागली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले.

यजमान देशाचा मान राखणे हाही सरकारच्या हेतूचा भाग असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. परराष्ट्र व्यवहारात भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावे, हे १९४९ च्या करारातील कलम २००७ च्या नव्या करारात गळाले. एकमेकांच्या सुरक्षेला बाधक ठरेल असा आपल्या भूमीचा वापर होऊ द्यायचा नाही, हे बंधन मात्र नव्या करारात दोघांनीही सारखेच स्वीकारले आहे.