जास्तीचे चिकू गरजूंना कसे द्यावेत?

दारातल्या झाडाला घरात संपणार नाहीत इतके चिकू लागलेत, ते वृद्धाश्रमाला कसे द्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

आधी फोन करा. किती माणसं आहेत, या आठवड्यात आणखी कुणी फळं देणार आहे का, एवढं विचाराच. वाढदिवस-पुण्यतिथीला केळ्यांचा ढीग लागतो आणि नंतर आठवडाभर ताटात फळ दिसत नाही, हे बघून फार वाईट वाटतं.

सगळे पिकलेले नेऊ नका. थोडे आजचे, बाकीचे कडक पण तयार झालेले. तेही देठाचा चीक निथळू देऊन, पुसून. पोत्यात भरलेत तर तळचे चिरडतात. क्रेटमध्ये कागद अंथरून दोनच थर लावा. दात नसलेल्या आजींना पेरूपेक्षा सोललेला मऊ चिकू सोपा जातो. मधुमेह असलेल्यांसाठी मात्र चिकू फार गोड, त्यांना काय चालतं ते तिथल्या नर्सताईंना विचारा.

मुंबईत असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतही विचारून बघा. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक तिथे राहतात. केमो चालू असलेल्यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय फळ देऊ नका.