वाचकांचे प्रश्न : जुन्या मॉनिटरला बिनतारी कसे करावे?

प्रश्न : माझ्याकडे १७ इंची, जवळजवळ चौकोनी आकाराचा जुना एलसीडी मॉनिटर पडून आहे. त्याच्या मागे एक निळा आणि एक पांढरा असे दोनच पोर्ट आहेत, एचडीएमआय (आजच्या टीव्हींवर असतो तो पोर्ट) नाही. फोन आणि विंडोज लॅपटॉप यांवरील दृश्य वायर न जोडता त्यावर दाखवता येईल का?

उत्तर : दाखवता येईल. मॉनिटरला एचडीएमआयचा छोटा रिसीव्हर जोडावा लागतो. वाय-फायवरून आलेले चित्र तो उलगडतो आणि मॉनिटरकडे पाठवतो. खरी अडचण या रिसीव्हरची नसून मॉनिटरच्या पोर्टची आहे, म्हणून आधी तिकडे पाहू.

निळा, पंधरा पिनांचा पोर्ट व्हीजीए आहे. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही पद्धत ॲनालॉग असल्यामुळे एचडीएमआयच्या डिजिटल संकेताचे रूपांतर करणारी चिप असलेला कन्व्हर्टरच येथे लागतो, साधी केबल चालत नाही. पांढरा पोर्ट बहुधा डीव्हीआय असेल. डीव्हीआयचा डिजिटल संकेत आणि एचडीएमआयचा चित्रसंकेत मुळात एकाच जातीचे असल्याने तिथे चिपविना, साध्या ॲडॅप्टरने काम भागते. तो चालत असेल तर त्यालाच प्राधान्य द्यावे.

मात्र दोन गोष्टी गृहीत धरू नयेत. डीव्हीआय असलेल्या अनेक जुन्या मॉनिटरमध्ये एचडीसीपी ही प्रत-संरक्षणाची सोय नसते आणि व्हीजीएमध्ये तर ती असूच शकत नाही. त्यामुळे स्वतःचे फोटो, सादरीकरणे व्यवस्थित दिसली तरी चित्रपटांच्या सशुल्क ॲपमध्ये काळा पडदा दिसण्याची शक्यता राहते. दुसरे असे की, आपल्या मॉनिटरचे रिझोल्यूशन (आडव्या व उभ्या बिंदूंची संख्या) बहुधा १२८० × १०२४ असेल. १०८०पी, म्हणजे याहून मोठे, चित्र आल्यास तो ‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश देऊन थांबू शकतो. तसे झाल्यास रिसीव्हर ७२०पी या लहान आकारावर ठेवावा. तेवढ्यानेही रुंद चित्र उभे ताणले जाऊन चेहरे लांबुळके दिसत असतील, तर मॉनिटरच्या मेनूमध्ये गुणोत्तर कायम ठेवण्याचा पर्याय शोधावा, मात्र तो प्रत्येक मॉनिटरमध्ये नसतो.

रिसीव्हर निवडताना फोनचा विचार आधी करावा, कारण बिनतारी चित्र पाठवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. त्यांपैकी २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्स या संघटनेने आणलेले मिराकास्ट राउटरशिवायही दोन उपकरणांना थेट जोडते, आणि विंडोज ८.१पासून पुढच्या बहुतेक लॅपटॉपवर ते उपलब्ध आहे. विंडोज १० व ११मध्ये विंडोज आणि के ही बटणे एकत्र दाबली की जोडणीची यादी उघडते. आयफोनला मात्र ॲपलची स्वतःची पद्धत, एअरप्ले, लागते, आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये मिराकास्ट नाही, तिथे गूगलची स्वतःची पद्धत, गूगल कास्ट, चालते.

व्हीजीए आणि डीव्हीआय या मार्गांनी आवाज येत नाही. स्पीकर जोडायचे असल्यास हेडफोनचा जॅक असलेला कन्व्हर्टर घ्यावा. रिसीव्हरला वीज एखाद्या जुन्या यूएसबी पोर्टवरून देण्याचा मोह टाळावा, कारण असे पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअरच देतात आणि जोडणी मध्येच तुटते. फोनचा चार्जर वापरावा.

चित्र संकुचित होऊन पुन्हा उलगडले जाते, त्यामुळे ते थोडे उशिराच पोहोचते. चित्रफिती पाहताना हे जाणवत नाही, पण माऊस चालवताना लगेच खटकते. आपल्याला टेबलावर लॅपटॉपसाठी दुसरा पडदाच हवा असेल, तर माझ्या मते हा खटाटोप न करता एचडीएमआय ते डीव्हीआय केबल जोडणे अधिक सोयीचे ठरेल.